दादाची वही आणि मामांची कबुतरं

परवा गल्लीत कट्ट्यावर बसल्या बसल्या एकानं विचारलं, "दादाचं हार्ट बदलून तीन वर्षं होऊन गेली की बे, मग अजून रोज वजन-बीपी काय लिहीत बसता तुम्ही? बरा झाला ना तो?" मी नुसतं हं केलं आणि गाडीला किक मारली, कारण उत्तर द्यायला बसलो असतो तर दुपार झाली असती. पण डोक्यातनं ते जाईना. बरा झाला ना तो. म्हणलं एकदा लिहूनच काढावं, नाहीतरी लोक फोन करून तेच तेच विचारतात, हार्ट कुठं मिळतं, किती लागतात, कुणाची ओळख आहे का, आणि जे विचारायला पाहिजे ते कुणीच विचारत नाही.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो. जमा-खर्च लिहायची सवय म्हणून दादाची वही माझ्याकडं आली आणि ओपीडीच्या बाकड्यावर बसून डॉक्टर, नर्स, कोऑर्डिनेटर, दुसरे पेशंट, ज्याला त्याला प्रश्न विचारून जे कळलं ते हे. तुमच्या पेशंटचं तुमच्या डॉक्टरलाच विचारा.

आमच्या घरात दोन पेशंट झाले. एक माझा सख्खा थोरला भाऊ, त्याचं हृदय. दुसरे माझे मामा, त्यांची फुप्फुसं. दोघंही पुण्याला ट्रान्सप्लांटसाठी दाखवायला गेले. एकाला हो म्हणाले, एकाला नाही. पैशाचा प्रश्न तेव्हा निघालाच नव्हता, दोन्ही वेळा सगळं आधीच ठरलं होतं, कधी आणि कुठल्या अवस्थेत गेलो त्यावर.

दादा लूमवर सुपरवायझर, वय ४४. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर दम लागायला लागला, सगळे म्हणले अशक्तपणा असंल. मग पायावर सूज, बोट दाबलं की खड्डा पडायचा. रात्री आडवं झालं की खोकला. वहिनीनं उशीखाली एक चादर घडी करून ठेवली, मग दोन, मग तीन, आणि एका रात्री तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपलेला दिसला तेव्हा कुठं आम्ही हललो. (सोलापुरात घरात चादरींना तोटा नाही म्हणून कळायला उशीर झाला, असं वहिनी अजून म्हणते.) टू-डी इको केला, पंपिंग १५ टक्के. धडधाकट माणसाचं ५५ च्या पुढं असतं. अँजिओग्राफीत ब्लॉकेज एकही नाही. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणले, म्हणजे हृदयाचा स्नायूच सैल पडून ते जुन्या फुग्यासारखं पसरलंय, आवळतच नाही नीट.

आम्हाला वाटलं आता लगेच ट्रान्सप्लांट म्हणतील. नाही. आधी चार प्रकारची औषधं, हळूहळू वाढवत पूर्ण डोसला, आणि थांबा. कारण काही हृदयं औषधांवर खरंच सुधारतात आणि ज्याचं स्वतःचं सुधारू शकतं त्याला दुसऱ्याचं घालायचं नसतं. दादाचं सहा महिन्यांत १५ वरनं १८ झालं. मग पुण्याला पाठवलं.

तिथं पहिली टेस्ट सायकलची. तोंडाला मास्क बांधून सायकल मारायला लावतात आणि अंग ऑक्सिजन किती वापरतं ते मोजतात, किलोमागं मिनिटाला किती मिली. १४ च्या खाली, आणि बीटा-ब्लॉकरची, म्हणजे ठोके मंद करणारी, गोळी चालू असेल तर १२ च्या खाली आला की ट्रान्सप्लांटचा विचार सुरू होतो. दादाचा १०.८ आला. माणूस आपला पास झाला की नापास हेच मला कळेना, कमी मार्क पडले म्हणून पास. त्याच्या वर असता तर औषधांवरच जास्त दिवस निघाले असते, छाती उघडायचा धोका घेण्यात अर्थ नव्हता.

पण नुसतं आजारी असून भागत नाही. पुढचे दोन महिने त्यांनी दुसरंच शोधलं, की हा माणूस नवीन हृदय सांभाळू शकेल का. म्हणजे उलटी तपासणी, नाही म्हणायचं कारण शोधायची. किडनी, लिव्हर, साखर, एचआयव्ही, कावीळ बी-सी, कुठं गाठबिठ आहे का, छातीत जुना टीबी आहे का. कारण पुढं जन्मभर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं खायची, आणि अंगात कुठं कोपऱ्यात झोपलेला टीबी किंवा कॅन्सर असेल तर त्याला मोकळं रान. दात सुद्धा! डेंटिस्टनं दादाच्या दोन किडक्या दाढा काढल्या तेव्हाच पुढचा कागद हलला. दादा तंबाखूचा मावा खायचा, सोलापुरात कोण खात नाही. तो सहा महिने बंद असल्याशिवाय ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागणार नाही म्हणले, आणि "सोडला" या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नाही, लघवीत निकोटीनचा अंश बघतात, दोनदा बघितला. रक्तात दुसऱ्यांच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार आहेत का तेही बघतात, ज्यांना पूर्वी रक्त चढवलंय किंवा ज्या बायकांची बाळंतपणं झालीत त्यांच्यात त्या जास्त असतात, त्या जितक्या जास्त तितकं जुळणारं हृदय मिळणं अवघड.

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट मात्र आम्हाला माहितच नव्हती. राइट हार्ट कॅथ. मानेतनं नळी घालून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर मोजतात. मला आधी समजेना, बिघडलंय हृदय तर फुप्फुसाचं प्रेशर कशाला? डॉक्टरांनी सांगितलं ते असं की डावं हृदय वर्षानुवर्षं तुंबलं की मागं फुप्फुसात प्रेशर वाढतं, दादाच्या हृदयाच्या उजव्या भागाला त्याची सवय झालीय, पण जे नवीन हृदय येणार ते एका निरोगी माणसाचं, त्याच्या उजव्या भागानं असलं प्रेशर जन्मात बघितलेलं नाही, ते पहिल्याच रात्री दमून बसेल. दादाचा रेझिस्टन्स, म्हणजे त्या रक्तवाहिन्यांचा अडथळा, ५ युनिटच्या वर होता. त्या दिवशी जवळजवळ नकारच होता. मग ॲडमिट करून शिरेतनं औषध चालू केलं, काही आठवड्यांनी परत मोजलं, अडीचवर आला. तो आला नसता तर हे सगळं लिहायला मी बसलो नसतो.

आणि सोशल वर्करबाई. वहिनीला वेगळ्या खोलीत घेतलं, मी दारात. विचारलं, "रात्री नऊची गोळी चुकली तर काय कराल?" वहिनी म्हणाली, चुकणारच नाही. "समजा चुकली." वहिनी म्हणाली, मी आहे ना, चुकणार नाही. "ताई, समजा तुम्ही माहेरी गेलात आणि चुकली." वहिनी बाहेर आली ती तणतणत, "भावजी, ही बाई मला वेंधळी समजती का?" नंतर कोऑर्डिनेटरनं सांगितलं की त्यांना एकच उत्तर ऐकायचं असतं, फोन करीन. जो घाबरून लपवतो तो पेशंट जातो. घरात किती माणसं, संडास-बाथरूम वेगळं आहे का, घरावर कर्ज आहे का, पुण्यात राहणार कुठं, हेही सगळं लिहून घेतलं. मला तेव्हा राग आला, माणूस मरायला लागलाय आणि तुम्ही बाथरूम विचारता. आता वाटतं बरोबर विचारत होते. एक हृदय येतं कुठल्यातरी घरातलं जवान पोरगं गेल्यावर. ते कुणाला द्यायचं याचा निर्णय घेताना बाथरूम पण विचारावं लागतं.

नाव लागलं की मग वाट. आपलं सोलापूर पुण्याच्या झेडटीसीसीच्या हद्दीत येतं, म्हणजे अवयव कुणाकडं जाणार ते ठरवणारी विभागीय समिती. रक्तगट जुळायला पाहिजे, ओ गटवाल्याला ओचंच लागतं म्हणून त्यांची रांग लांब. अंगकाठीपण जुळायला पाहिजे, ८० किलोच्या माणसाला ४५ किलोच्या माणसाचं हृदय पुरत नाही. आणि वेळ. काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तास, फुप्फुस सहा-आठ. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, आपली गाडी टेंभुर्णीला चहाला थांबत थांबत पाच तास घेते, म्हणूनच तो ग्रीन कॉरिडॉर लागतो, पोलिसांनी मोकळा करून दिलेला रस्ता. पेशंट पण जवळच पाहिजे, फोन आल्यावर हुतात्मा एक्सप्रेस पकडून चालत नाही, म्हणून आम्ही पुण्यात खोली घेतली आणि नऊ महिने भाडं भरलं. एकदा मध्यरात्री फोन आला, गेलो, दाढी-अंघोळ करून दादाला स्ट्रेचरवर घेतला, आणि पहाटे सांगितलं की तिकडच्या टीमनं प्रत्यक्ष बघितलं, हृदय चांगलं नाही, घरी जा. दादा परत येताना म्हणाला, चल, पोहे तरी खाऊ.

दुसऱ्या वेळी झालं. ऑपरेशनचं मी फार लिहीत नाही, काचेच्या या बाजूला बसून मला काय कळणार, आणि लोक तेवढंच ऐकायला उत्सुक असतात. उलट मला असं दिसलं की या सगळ्यात ऑपरेशन हा सर्वात सुटलेला भाग आहे. इतिहास बघा ना. डिसेंबर १९६७ ला केपटाऊनला ख्रिश्चन बर्नार्डनी पहिलं हृदय बसवलं, पेशंट १८ दिवस जगला, न्यूमोनियानं गेला. दोन-अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ ला, आपल्या मुंबईत केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलं, तो पेशंट काही तासच टिकला. त्या एका वर्षात जगभर शंभरावर ट्रान्सप्लांट झाले आणि बहुतेक पेशंट काही महिन्यांत गेले, मग एकेका सेंटरनं हात वर केले. शिवायला तर सगळ्यांना येत होतं! येत नव्हतं ते कुणाला करायचं ते निवडणं आणि शरीर ते हृदय परकं म्हणून खायला लागलंय हे वेळेत ओळखणं. अमेरिकेत स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे जवळजवळ एकटे चिकाटीनं तेच करत बसले. तिथंच १९७३ ला फिलिप केव्हजनी मानेतनं हृदयाचा तुकडा काढायचा चिमटा आणला, नंतर ऐंशीच्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन औषध आलं, तेव्हा हे मार्गी लागलं. भारतात १९९४ ला अवयवदानाचा कायदा झाला, ब्रेन डेथ मान्य झाली, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्सला डॉ. वेणुगोपाल यांनी पहिलं यशस्वी हृदय बसवलं. सेन यांच्यानंतर २६ वर्षांनी.

तर तो चिमटा. दादाच्या मानेत उजव्या बाजूला बारीक बारीक डाग आहेत, ते त्याचे. पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. माणूस जागाच असतो, मान बधिर करतात, शिरेतनं तार हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते आणि चार-पाच तुकडे उचलून आणते. मला एकदा डबीत दाखवले, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. रिपोर्टला ग्रेड असते, ० आर म्हणजे काही नाही, १ आर म्हणजे थोडं, बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवायचं, २ आर म्हणजे औषध द्या, ३ आर म्हणजे धावा. तिसऱ्या महिन्यात दादा एकदम मस्त, जिने चढतोय, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मागतोय, आणि रिपोर्ट आला २ आर. तीन दिवस शिरेतनं स्टिरॉइड. त्याला स्वतःला काही म्हणजे काही होत नव्हतं. तक्रार सुरू व्हायची वाट बघितली असती तर तोवर स्नायू गेला असता. कट्ट्यावरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच आहे.

बाकीचं निम्मं उत्तर मला क्रिकेटनं दिलं. नवीन हृदय बसवताना मेंदूकडनं येणाऱ्या नसा जोडत नाहीत, जोडता येत नाहीत. त्यामुळं ते आपल्या आपल्या तालात चालतं, बसल्या जागी ९०-१०० ठोके. २९ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल, शेवटची ओव्हर, सगळी गल्ली आमच्या टीव्हीसमोर, आणि सूर्यकुमारनं बाउंड्रीवर मिलरचा तो कॅच घेतला. मी गंमत म्हणून दादाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवला होता. माझं काळीज तोंडात आलेलं, आणि दादा उभा राहून ओरडतोय, आणि नाडीचा आकडा ९७. ९७! मॅच संपली, लोक फटाके घेऊन बाहेर पळाले, आणि तेव्हा चार-पाच मिनिटांनी आकडा चढत चढत ११४ वर गेला आणि बराच वेळ तिथंच बसला. नस नाही, म्हणून बातमी रक्तातनं जाते, ॲड्रेनॅलिन पोचेल तेव्हा. दादा म्हणाला, "माझं हार्ट रिप्ले बघून खुश होतं."

हसलो आम्ही लई. पण त्याच नसा नाहीत म्हणून त्याला छातीत बहुतेक दुखणारही नाही. बसवलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्या वर्षं जातील तशा आतनं जाड होत अरुंद होतात, नेहमीसारखा एका जागी ब्लॉक नव्हे, सगळीकडनं बारीक. तुम्हा-आम्हाला कळ येईल, त्याला बहुतेक येणार नाही. म्हणून वर्षाला अँजिओग्राफी, दुखो न दुखो. म्हणून वजन, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय. म्हणून वही.

वहीतला सगळ्यात मोठा कॉलम टॅक्रोलिमसचा, प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी ती गोळी. सकाळी नऊ, रात्री नऊ. लेव्हल बघायला रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर. कमी झाली तर शरीर हृदय खातं, जास्त झाली तर औषध किडनी खातं, मधली पट्टी अरुंद. (हे औषध १९८४ ला जपानमध्ये सुकुबाच्या मातीतल्या जंतूत सापडलं. आणि दादाला काय सांगितलंय, मातीत हात घालू नको.) ग्रेपफ्रूट बंद, आणि त्याचं भावंड पपनस पण बंद, त्यानं लेव्हल चढते. डाळिंबाचा रस पण रोज पेलाभर नको, आधी विचारा म्हणले, सोलापूरच्या माणसाला!

मागच्या पावसाळ्यात दादाला खोकला झाला. पुण्याला फोन करायला पाहिजे होता. नाही केला, लहान दुखणं म्हणून जवळच्या एका दवाखान्यात गेला, तिथं क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, साधं अँटिबायोटिक, कुणालाही देतात. ट्रान्सप्लांटचं दादानं सांगितलं होतं, फाइल उघडून कुणी बघितली नाही, आणि मीही बघितलं नाही, तेही लिहितो. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना बशी कपावर वाजायला लागली, टिणटिण. थंडी वाजती का म्हणलं तर म्हणतो नाही, हात ऐकत नाही. लेव्हल २२. त्याची ५ ते १० मध्ये पाहिजे. ते अँटिबायोटिक लिव्हरमध्ये टॅक्रोलिमसची वाट अडवतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, वाढलं, चार दिवस ॲडमिट, परत खाली आलं. टीबीचं रिफाम्पिसिन याच्या उलट करतं, लेव्हल पार पाडून टाकतं. तेव्हापासून दादाच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागं एक चिठ्ठी आहे, मराठीत लिहिलेली, "मला कुठलीही गोळी देण्याआधी या नंबरवर फोन करा." वहिनीनं लॅमिनेट करून आणली.

किती वर्षं मिळतात मग, हा पुढचा प्रश्न. सगळे तोंडावर विचारत नाहीत पण डोळ्यात असतो. जगभरचे आकडे असे की हृदय बसवलेल्या शंभरातले ८५ च्या वर लोक एक वर्ष पार करतात, आणि मधला आकडा १२ वर्षांच्या पुढं आहे. आमच्या एका नातेवाइकानं हे ऐकून दादाचं वय अधिक बारा अशी बेरीज करून ५६ काढले, माझ्यासमोर. मधला म्हणजे शंभर माणसं रांगेत उभी केली तर पन्नासावा माणूस जिथं गेला तो आकडा. निम्मे त्याच्या पुढं आहेत, काही वीस-पंचवीस वर्षं. आणि ती माणसं पंधरा वर्षांपूर्वीची औषधं खाऊन तिथं पोचलीत. फुप्फुसाचं मात्र अवघड, पहिलं वर्ष जवळपास तसंच पार पडतं पण मधला आकडा ६ ते ७ वर्षांच्या मध्येच येतो. कारण हृदय छातीत झाकलेलं, फुप्फुस बाहेरच्या हवेला उघडं, दर श्वासाला धूळ, जंतू, बुरशी आत. ओपीडीत एक पोरगी भेटायची, दोन्ही फुप्फुसं बदललेली, पर्समध्ये मोबाइलएवढं स्पायरोमीटर, फुंकर मोजायचं यंत्र. रोज सकाळी फुंकायची आणि लिहायची. स्वतःच्या सर्वात चांगल्या आकड्यापेक्षा १० टक्के पडला तर फोन, २० टक्के पडून तिथंच राहिला तर ते जुनाट रिजेक्शन, म्हणजे शरीरानं फुप्फुस हळूहळू नाकारणं, असू शकतं, बारीक नळ्या आतनं बुजत जातात, आणि ते फारसं मागं फिरत नाही, थोपवायचं. ती म्हणाली, "दादा, मी रोज परीक्षेला बसते."

मामा त्या परीक्षेच्या दारातपण पोचले नाहीत.

मामांना कबुतरांचा नाद. गच्चीवर खुराडी, तीस-पस्तीस पाखरं, पहाटे उठून स्वतः झाडायचे, मामी विड्या वळत खाली बसलेली आणि वरनं मामांची शीळ. खोकला लागला तो कोरडा, दोन वर्षं दमा दमा म्हणून पंप ओढले. कुणी नाव घेतलं नाही, ना डॉक्टरनं, ना आम्ही. कबुतराच्या विष्ठेनं आणि पिसांच्या धुळीनं काही जणांच्या फुप्फुसाला अशी सूज येते की ती शेवटी घट्ट, चामड्यासारखी होतात, हे मला मामांचा एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, झाल्यावर कळलं. पाठीवर स्टेथो ठेवला की चपलेचा वेल्क्रो उघडल्यासारखा आवाज येतो, मला पण ऐकवला. तोवर खुराडी काढून काही उपयोग नव्हता. दादाचं सगळं बघितलेलं, म्हणून मीच म्हणलं, चला पुण्याला, फुप्फुसं पण बदलतात.

तेव्हा मामा ६१ वर्षांचे, घरात सहा लिटर ऑक्सिजनवर, वजन ४१ किलो. सहा मिनिटं चालायची टेस्ट घेतली, कॉरिडॉरमध्ये, नर्स सिलिंडर ओढत मागं. ९० मीटर चालले आणि खुर्चीत बसले. उरलेली तीन मिनिटं घड्याळ चालू होतं आणि आम्ही सगळे उभे. डॉक्टरनी आम्हाला बसवून सांगितलं, चांगलं पाऊण तास. म्हणाले, ऑपरेशन टेबलावरून मी त्यांना उतरवीन, व्हेंटिलेटरवरून उतरवता येणार नाही, श्वास ओढायचे स्नायूच राहिले नाहीत. सहा आठवडे देतो, व्यायाम आणि वजन, पाच किलो वाढवून आणा, परत बघू. अंडी, शेंगदाण्याचे लाडू, पावडरी, सगळं केलं. एक किलो वाढलं, आणि मग एक ताप आला आणि तीन गेलं. "दीड वर्षापूर्वी आणले असते तर," असं डॉक्टर बोलून गेले आणि लगेच गप्प झाले. फुप्फुसाच्या या आजारात कळल्याबरोबर, माणूस चालता-फिरता असताना ट्रान्सप्लांटवाल्यांना दाखवून ठेवायचं असतं, लगेच ऑपरेशन करायला नव्हे, ओळख करून ठेवायला. आपल्याकडं ते सगळ्यात शेवटचं दार समजतात, आणि शेवटी गेलं की ते बंदच असतं.

मामींनी विचारलं, दादाला दिलं मग यांना का नाही, पैसे कमी पडले का? तिला मी पन्नास वेळा सांगितलंय. यादीत पैसा चालतो असं मला कुठं दिसलं नाही, मी अकाउंटवाला आहे, वास आला असता. पण यादीपर्यंत पोचायला पैसाच लागला. टेस्टा, नऊ महिन्यांचं भाडं, माझ्या बिनपगारी रजा, ऑपरेशनला लागले ते लाख, त्यातले काही ट्रस्टांचे, काही कारखान्यातल्या लोकांनी जमवलेले, बाकी गावाकडची दोन एकरं. आणि अजून औषधं-तपासण्या धरून महिन्याला १५-२० हजार. हे सगळं वहीच्या मागच्या बाजूला आहे, उलटीकडनं लिहिलेलं. ज्याच्याकडं विकायला दोन एकर नाहीत तो त्या सायकलवर बसायलाही पोचत नाही, आणि त्याचं नाव कुठल्याच नकाराच्या यादीत येत नाही. याचा राग मला मामांच्या नकारापेक्षा जास्त येतो.

मामा गेले त्याला दिवाळीत वर्ष होईल. खुराडी मामीनं भंगारात दिली, पण पाखरं अजून संध्याकाळी येतात गच्चीवर, मामी दाणे टाकते आणि मी ओरडतो. दादाला त्या घरी जायला बंदी आहे, कबुतरांची घाण त्याला आता आणखी वेगळ्या कारणानं चालत नाही, त्यातली बुरशी. म्हणून मामीच येते इकडं. येते, दादाच्या शेजारी बसते, त्याचं मनगट धरते आणि नाडी बघत बसते. तिला मोजता येत नाही.

आजचं वहीतलं: वजन ६३.४. बीपी १२६/८२. नाडी ९४. ताप नाही. पायावर सूज नाही. सकाळची टॅक्रो ९:००. रात्रीची ८:५०, दहा मिनिटं लवकर, लाइट गेली म्हणून घाई केली, तसं कोऑर्डिनेटरला मेसेज करून ठेवलाय.